दुपारचे पाच तास

३ फेब्रुवारी, सोमवार
मुलींच्या वसतिगृहाची अधीक्षक म्हणून आज रुजू झाले. खोली पसंत पडली. पूर्वेची खिडकी, लोखंडी पलंग, टेबल, भिंतीतलं कपाट. दाराला एकच किल्ली, ती माझ्या कमरेला. एकसष्टाव्या वर्षी नोकरी कशाला, असं लेक पुन्हा म्हणाली. तिच्याकडे बसून जावयाच्या चहाची वाट बघण्यापेक्षा हे बरं.

पलंगाशेजारी श्वासाचं मशीन मांडलं. झोपेत माझा श्वास थांबतो. मशीन नळीतून, नाका-तोंडावरच्या मास्कमधून हवा ढकलत राहतं. मास्कमध्ये श्वास घेतला की आपोआप सुरू होतं, काढला की बंद. सकाळी पडद्यावर दोन आकडे येतात: आदल्या दिवसभरात किती तास वापरलं आणि तासाला किती वेळा श्वास थांबला. ते मी रोज टिपते. डॉक्टरांनी बजावलंय, मशीनशिवाय डुलकीसुद्धा नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार
सहा तास. चार वेळा. पोरींनी माझं नाव ‘सोंडवाल्या बाई’ ठेवल्याचं कळलं. नाव चपखल आहे, म्हणून शिक्षा केली नाही.

कपाटाच्या वरच्या फळीवर एक मास्क सापडला. आधीच्या अधीक्षकबाईही सोंडवाल्याच असणार. माझ्या मास्कची कड फाटून हवा गळते आणि नवा यायला पंधरा दिवस. हा माझ्याच मापाचा, अधिक मऊ. धडधाकट वस्तू पडून राहिलेली मला बघवत नाही. साबणाने दोनदा धुतला आणि लावला.

६ फेब्रुवारी, गुरुवार
सहा तास. एकदाच. कित्येक वर्षांत इतकी झोप लागली नव्हती. फुकट ते पौष्टिक म्हणतात ते खोटं नाही.

७ फेब्रुवारी, शुक्रवार
अकरा तास. सव्वीस वेळा. मी झोपले सहाच. मशीन बिघडलं म्हणायचं.

१० फेब्रुवारी, सोमवार
चारही दिवस अकरा. मशीन घेऊन दवाखान्यातल्या तंत्रज्ञाकडे गेले. ठणठणीत आहे, म्हणाला. संगणकावर वेळा दाखवल्या. रात्री दहा ते चार, ते माझे. आणि गुरुवारपासून रोज दुपारी बारा ते पाच. तेव्हा मी कार्यालयात असते, खोलीला कुलूप असतं. कुणी श्वास घेतल्याशिवाय नोंद होतच नाही, यावर तो ठाम. वर म्हणाला, “बाई, नोकरीच्या वेळात डुलक्या काढायच्या आणि आळ मशीनवर?” त्याच्या टेबलावरची धूळ त्याला दाखवली आणि निघाले.

संध्याकाळी खोली उघडली. मास्क आतून ओलसर होता. कोमट.

१२ फेब्रुवारी, बुधवार
सफाईच्या मावशींना आधीच्या बाईंबद्दल विचारलं. आधी नुसतं कौतुक. मेल्या म्हशीला मणभर दूध. दटावल्यावर खरं बोलल्या. “बाई याच पलंगावर गेल्या. जेवून आडव्या झाल्या, मास्क तेवढा लावायचा राहिला. हातात धरलेला होता.” दुपारचे बारा वाजले होते; पाचला मावशींनी दार उघडलं तेव्हा कळलं. नातेवाइकांनी मशीन नेलं. मास्क मावशींनी फळीवर ठेवला.

मी तो परत तिथेच ठेवला. कपाटाला कुलूप. आज माझा जुना लावणार, गळला तर गळला.

१३ फेब्रुवारी, गुरुवार
जाग आली तेव्हा माझा मास्क भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेला. तोंडावर तिचा. कपाटाचं कुलूप जसंच्या तसं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार
तो कचऱ्याच्या गाडीत स्वतःच्या हाताने टाकला. गाडी वळेपर्यंत उभी राहिले. लेकीला फोन केला, मला घेऊन जा म्हटलं. ती म्हणाली, “आई, तू घाबरलीयेस?” रविवारी चारला येते. तोवर झोपायचं नाही.

१५ फेब्रुवारी, शनिवार
रात्र खुर्चीत काढली. दुपारीही इथेच बसले, समोर मशीन, उशीवर माझा मास्क. बघायचंच होतं.

बारा वाजले. सुरू झालं. आपोआप. मास्कची कड फुगते, बसते. फुगते, बसते — थांबली. मी मोजलं. चाळीसला मोठा आचका, पुन्हा सुरू. घरघर, खोल, बायकी. मग पुन्हा —

प्लग खेचून काढला. हवा थांबली.

घरघर थांबली नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार
डोळा लागला. किती वेळ, माहीत नाही. खुर्चीतच आहे. मास्क तोंडावर. तो, मऊ. पट्टे मागे आवळलेत, सुटत नाहीत, नळीही निघत नाही — कात्री टेबलावर, नळी तिथवर पुरत नाही. वही मांडीवर आहे, म्हणून लिहिते.

प्लग फरशीवर पडलाय. तरी नळीतून हवा येते. कोमट. ती सोडते, मग मला मिळते. दुसरी हवाच नाही. ती सोडते, मी घेते. ती सोडते —

बारा पन्नास. लेक चारला.

थांबली.

मोजते. दहा. वीस. काल चाळीसला आली होती.

चाळीस.

पन्नास. ये ना, बाई —

साठ. अजून