पडद्याला भोक

३ बहमन १३५३ फसली, नांदेड

हस, हस! तुला काय जातंय? कोरं पान तू. तुला ना पोट, ना तोंड. आधी ऐकून तर घे — माझी चूक नव्हती!

लातूरच्या वाचनालयाचा मेळावा. मी माझी गोष्ट वाचायची, हे कधीचं ठरलेलं. आणि चाकूरच्या अलीकडं मोटारीत उलटी. चाकूरला उलटी. चाकूरच्या पुढंही! लातुरात उतरले ती काकूच्या खांद्यावर. सभा भरली तेव्हा मी यजमानांच्या माजघरात, उशाशी घमेलं.

माझ्या जागी वाचलं कुणी? विशाखानं, तिची स्वतःची गोष्ट. माझी कॉलेजातली मैत्रीण. त्याच मोटारीनं आलेली, उतरली तेव्हा टवटवीत. “तुझ्यासाठी म्हणून उभी राहिले गं,” म्हणे.

माझ्यासाठी!

५ बहमन

लोक अजून तिच्याच गोष्टीचं बोलून राहिलेत. अख्खी गोष्ट मोटारीतून दिसणाऱ्या रस्त्याची. चिंचेखाली जू उतरवून बसलेला माणूस, टेकडीमागून वर येणारी बैलगाडी — आधी शिंगं, मग बैल. “काय डोळा आहे पोरीचा!”

डोळा! तिचा भाऊ वसंतराव वकील. तिला घेऊन ते ड्रायव्हरशेजारी बसतात. समोर काच, सगळा मुलूख उघडा. मी काकूबरोबर मागं, जनान्यात. चहूकडून पडदा. लढाईपायी पेट्रोल नाही, मोटार कोळशावर — अन् ती भट्टी नेमकी आमच्या पाठीशी. धूर आम्हाला, रस्ता तिला!

त्या जागेवर बसवलं असतं तर मीही लिहिलं असतं. एकही क्रियापद न वापरता गोष्ट लिहिणारी मी! पण पडदा बघून काय लिहू?

९ बहमन

जळते मी. बस.

१४ बहमन

पुन्हा बोलावणं! या खेपेला दोघींनी वाचायचं. आधी विशाखा, मग मी.

काकू म्हणते, “रिकाम्या पोटी निघालीस म्हणून झालं ते.” रिकाम्या! प्रवासाला निघताना हातावर दही घालतात ते चमचाभर. काकूनं वाटीभर घातलं — “लांबचा रस्ता आहे चंद्रे, जास्त घे.” वर भात, वर लाडू. सगळं शुभ चाकूरला बाहेर आलं!

“या वेळी दही नको,” म्हटलं तर तिचे डोळेच भरले. “तुझे काका उदगीरला निघाले, त्या दिवशी दही घालायचं राहिलं होतं गं.”

काका परत आले नाहीत.

२२ बहमन, लातूर

पहाटे वाळली भाकरी खाल्ली, तीही अर्धी. तोंडात आमसूल. हातावरचं दही जिभेला लावलं, उरलेलं तुळशीत. काकूनं पाहिलं.

लोह्यापर्यंत ठीक. मग धूर. पडदा हलतो, पोट हलतं. डोळ्यांना एक तरी न हलणारी गोष्ट हवी होती! अंबाड्यातली पिन काढली, घातली पडद्यात. बोट घालून भोक मोठं केलं. समोरची काच दिसली. काचेपलीकडं, पार लांब, टेकडी. जागची हलत नव्हती. तिच्याकडंच बघत राहिले — आणि पोट बसलं. खरंच बसलं!

“अगं भोक! उतरवतील आपल्याला!” काकू.

शेजारी चाकूरची गुणाबाई, मांडीवर कोंबडी. “काय करून राहिलीस गं माय? सरक, मला बी पाहू दे.” डोळा लावला. “टेकडी कुटं हाय? मला तर म्होरली बाई दिसून राहिली. डोळ्यावर ओला फडका, नाकाला लिंबू. लई हाल बिचारीचे!”

ढकललंच मी तिला.

विशाखा. भावाच्या खांद्यावर डोकं टाकून. चाकूरपर्यंत बघत होते. एकदाही फडका काढला नाही.

चाकूरला वसंतराव पाणी घ्यायला उतरले. मी पडद्याआडूनच विचारलं, “विशाखाला आजच असं?”

“आज? नेहमीचंच! मागच्या खेपेला लोह्यापासून डोळा उघडला नव्हता. लातूर आलं की तोंड धुते, पावडर लावते. मी सांगितलं म्हणू नका हं.”

मग ती चिंच? तो माणूस? आधी शिंगं, मग बैल?

त्याच संध्याकाळी, सभेत

वही मांडीवर. टाळ्या चालू. तिनं आज विहिरीची गोष्ट वाचली. चांगली आहे. फार चांगली आहे.

माझं पोट एकदम ठीक. समोर पडदा नाही. सबब सांगायला काही म्हणजे काही उरलं नाही.

नाव पुकारलं. विशाखा माझ्याकडं वाकून काहीतरी सांगू बघतेय. तिचं नाही ऐकायचं. तुझंही नाही, कोऱ्या पाना.

उठले.