अप्पांची काठी

कुंभकोणम्
१९ फेब्रुवारी १९९२

चि. व्यासराज यास वेदवतीअक्काचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि अप्पांसाठी पाठवलेला स्वेटर पोचला. कुंभकोणमात स्वेटर! बेंगळूरला जाऊन गाव विसरलास की काय रे? शेजारच्या सीतालक्ष्मीच्या थोरलीचं लग्न ठरलं, मुलगा पट्टीश्वरमचा. अप्पा दोन्ही वेळा नीट जेवतात.

त्यांचं तमिळ मात्र गेलं. तालुका कचेरीत तीस वर्षं तमिळ अर्ज लिहिले, आणि आता दूधवाल्याशीसुद्धा घरातली मराठी बोलतात. दूधवाला हसतो. मला हसू येत नाही.

वैद्य म्हणाले, मोकळ्या हवेत हिंडवा. म्हणून गेल्या गुरुवारी साक्कोट्टैच्या वाटेवर वनखात्यानं रान राखलंय, तिथं नेलं. गावाला लागूनच आहे, पण आत शिरलं की बसचा भोंगा ऐकू येत नाही. बांबू, ताड, पायवाटा, वळणावर बाण काढलेल्या पाट्या. वारुळाशी घोरपड दिसली तेव्हा अप्पांनी टाळ्या वाजवल्या. पुढचं सीतालक्ष्मीनं तुला कळवलंच असेल. अप्पा चुकले आणि तासाभरानं सापडले, असं मी तिला सांगितलं होतं.

खोटं आहे ते. मी त्यांना सोडून गेले.

त्यांनी धोतर भिजवलं, सकाळपासून तिसऱ्यांदा. मी त्यांना बाकावर बसवलं, 'आलेच' म्हटलं आणि चालत सुटले. फाटकाबाहेर सायकलरिक्षा होती, तीत बसलेसुद्धा. देवाशपथ सांगते, इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. साक्कोट्टैच्या देवळापाशी उतरले. चपला काढायला वाकले तर हातात त्यांची काठी! बसवताना घेतलेली, तशीच राहिली. काठीशिवाय त्यांना चार पावलं टाकता येत नाहीत, व्यासा.

त्याच रिक्षानं परत आले. बाकावर कोणी नव्हतं. अप्पा फाटकाजवळ दिसले, कुंपणाला धरून उभे, दोन्ही गुडघे सोललेले. येणाऱ्याजाणाऱ्याला विनवत होते, "माझी लेक रानात चुकली हो. तिला हुडका."

कोणाला कळेना. राखणदार मला म्हणाला, "उत्तरेकडचे दिसतात. केव्हाचे काहीतरी मागतायत. पाणी दिलं तर तेही घेत नाहीत."

अप्पांनी मला विचारलं, "वेदू मिळाली का?" मी मिळाली म्हटलं. त्यांना पटलं नाही.

तू लिहितोस, 'अक्का, तू आहेस म्हणून मला घोर नाही.' घोर लावून घे, बाबा. तिकडे त्यांना करमणार नाही, हे मला ठाऊक आहे. तरी ये आणि घेऊन जा. मला माझीच भीती वाटते. रोज चार वाजले की अप्पा काठी माझ्या हातात देतात. म्हणतात, "चल रानात, वेदूला आणू." आज मी नाही म्हटलं. उद्याही म्हणेन. परवाचं मला सांगता येत नाही.

अप्पा अजून जिला हुडकतायत, ती
तुझी अक्का