पूर्वी नव्हे, अजूनही

डेन्व्हर

लुकाचुकाई गावी, माझी धाकटी बहीण वर्लिंडा हिस,

मंगळवार, ९ एप्रिल, सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी इथल्या संग्रहालयात आपल्या नवाहो मुलखातल्या वाळूत उगवणाऱ्या रानकांद्याखालची पाटी वाचली: ‘नवाहो लोक पूर्वी हा खात असत.’

पूर्वी? माझ्या पिशवीत तू पाठवलेले कांदे होते!

“मावशी, इतका उग्र कोण खातं?” म्हणत तिथल्या साहेबाने एक कच्चाच चावला आणि डोळे पुसत बसला.

“बाळा, आधी गरम राखेत चोळतात. आईने शिकवलंय. आमच्या रीती सोडाव्यात म्हणून कॉन्व्हेंटात छड्या मारल्या, तरी विसरले नाही!” मी ताठ मानेने सांगितलं.

तो म्हणतो, लेखी पुरावा आणा, पाटी बदलतो. तेव्हा यंदाही कांदे खणून राखेत चोळलेस, असं स्वहस्ते लिही. गुडघा फार दुखतोय का? तेही खरं लिही.

उत्तर सहीनिशी, शुक्रवार १९ एप्रिलच्या आत हवं.

तुझी थोरली,
बर्नडीन