शिवराज सरांची निसर्गशाळा

रविवार, १ डिसेंबर २०२४
निर्णय झाला. सोसायटीतली मुलं मोबाईलमध्ये सडतायत आणि त्यांना वाचवणारा माणूस बी-विंगमध्येच राहतो. म्हणजे मी. दर रविवारी पाच ते सात वयाच्या मुलांसाठी निसर्गशाळा. शेंद्रा एमआयडीसीतल्या कंपनीत क्वालिटीला अकरा वर्षं काढलीत. प्रोसेस तीच, फक्त माल लहान. पोस्टरवर मोठ्या अक्षरात 'शेतकऱ्याचा मुलगा' टाकलं. राजनंदिनीनं (माझी मुलगी, वय सहा) शाळेत सांगूनही टाकलं की माझ्या पप्पांना सगळी झाडं येतात. आता माघार नाही.

बुधवार, ४ डिसेंबर
पालकांची मीटिंग झकास. अकरा नावं आली. वडिलांना, म्हणजे तात्यांना, तेवढा वेळ वरच थांबा म्हणालो. ते धोतरावर खाली येतात आणि पार्किंगमध्ये तंबाखू मळत बसतात. प्रेरणा म्हणाली, पोस्टरवर शेतकरी चालतो, पार्किंगमध्ये नाही चालत का? बायकोला ब्रँडिंग कळत नाही.

रविवार, ८ डिसेंबर
पहिला वर्ग, सोसायटीच्या बागेत. पक्षी ओळखायचं ॲप उघडलं. ॲपनं साळुंकी सांगितली. आदिनाथनं विचारलं, सर, ती काय खाते? तेवढ्यात रेंज गेली. संस्कृतीनं विचारलं, हे झाड कशाचं? तूच शोध, म्हणालो. आधुनिक शिक्षणात आयती उत्तरं द्यायची नसतात. आज सतरा प्रश्नांची दिली नाहीत.

शनिवार, २१ डिसेंबर
गेला रविवार सर्दीमुळे रद्द. उद्या थेट दौलताबाद. आज एकटाच जाऊन पाहणी केली. एका शेताच्या कुंपणावर वेल सापडला, त्याला तपकिरी मखमली शेंगा. स्पर्शाच्या ॲक्टिव्हिटीला परफेक्ट! कंपनीचे हँडग्लोव्हज घालून तोडल्या, पिशवी सील केली. तात्या म्हणाले, काय आणलं, दाव की. सरप्राइज आहे म्हणालो. त्यांनी परत विचारलं, शेंगंवर लव हाय का रं? मी टीव्हीचा आवाज वाढवला.

रविवार, २२ डिसेंबर, रात्री आठ
डोळ्यांवर रुमाल, पिशवीत हात. ग्लोव्हज नाही, डायरेक्ट अनुभव. पहिलं मिनिट उत्तम गेलं. दुसऱ्याला सत्यम रडायला लागला. हा सगळ्यात लहान, नुकताच पाच पूर्ण. चौथ्या मिनिटाला अकराही जण अंग खाजवत नाचत होते. मी पाणी ओतलं. आणखी वाढलं. त्यांचे हात धरले आणि मग माझे हात स्वतःच्याच मानेला लावले.

राजनंदिनीनं रडत रडत माझ्या खिशातला फोन काढून तात्यांना लावला. तात्या ओरडले, अरं येड्या, खाजकुयली हाय ती! पाणी नको लावू, शेण चोळ, वाळलं की खरवडून काढ. शेजारच्या गोठ्यातून पाटीभर शेण आणलं. शेतमालक हसायचा थांबेचना. आराम पडला, हे मान्य.

न्यायला आलेल्या पालकांना अकरा लिंपलेली मुलं दिसली. 'ऑरगॅनिक थेरपी' म्हणालो. संध्याकाळपर्यंत पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून नऊ जण बाहेर. नेटवर्कचा प्रॉब्लेम असावा. राजनंदिनीनं विचारलं, पप्पा, तुम्हाला ती शेंग येत नव्हती? मी झोपेचं सोंग घेतलं. फार वाईट वाटलं. मान अजून खाजतेय, त्यानंच असेल.

रविवार, २९ डिसेंबर
खाली गलका झाला म्हणून पाहिलं. सगळी मुलं तात्यांभोवती, मुंग्यांच्या रांगेशेजारी पालथी पडलेली. पालकांनीच पाठवली म्हणे! तात्या त्यांना सांगत होते, इचारा काय बी, येत असंल तर सांगतो, नाय तर मिळून बघू. पद्धत अगदीच जुनाट आहे. खिडकीतून नोट्स काढल्या.

रविवार, ५ जानेवारी २०२५
तात्या मुलांना घेऊन मागच्या माळावर निघाले. सीनियर मार्गदर्शक हवा, म्हणून मीही गेलो. एका झुडपाकडे हात करून समजावणार, तोच राजनंदिनीनं मनगट धरून मला मागं ओढलं आणि तात्यांना हाक मारून सांगितलं की पप्पा न विचारता हात लावतायत. तात्यांनी मला नवीन मुलांच्या रांगेत उभं केलं. सत्यमनं माझं बोट धरलं आणि हळूच म्हणाला, घाबरू नका काका, पहिल्या दिवशी कुणालाच येत नाही.