दवाखान्याची खुर्ची

ती. बाबा,
तुमच्या आणि आईच्या पाया पडते, इथूनच वाकून.

खालच्या खोलीतली माझी दवाखान्याची खुर्ची खुशाल विका. दातांची डॉक्टर आता प्रोग्रामर झाली, हे विचारणाऱ्यांनाही सांगून टाका. माझं इथे छान चाललंय.

ऑफिसात मी एकटीच उपरी नाही. आमची प्रमुख तत्त्वज्ञान शिकलेली, शेजारचा संगीत. कॉम्प्युटरची पदवी एकाकडेच आहे, त्याला आम्ही पंडित म्हणतो. काही विचारलं की म्हणतो, "हे तर पहिल्या वर्षाला शिकवतात!" मी हसते, आणि जेवणाच्या सुट्टीत पहिल्या वर्षाचं पुस्तक काढून बसते. जेवतेसुद्धा, आईला सांगा.

काल पंडिताचाच प्रोग्राम अडला. सगळे त्याच्या स्क्रीनभोवती जमले आणि माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं, "कधीपासून दुखतंय?" सगळे खो खो हसले. पंडित मात्र विचारात पडला. दुखणं त्याने परवा केलेल्या एका बदलानंतरच सुरू झालं होतं, चूकही तिथेच सापडली. प्रमुख म्हणाली, "शाब्बास, डॉक्टर!"

इथे आल्यापासून मला डॉक्टर कुणी म्हटलं नव्हतं, बाबा. तेव्हापासून चित्त थाऱ्यावर नाही. उगीच उठते, पाणी पिते, परत येऊन बसते. समोरचा बोलायला लागला की आधी त्याचे दात दिसतात.

तुमची दाढ कशी आहे? मला न विचारता काढून घेऊ नका.

तुमची
धाकटी

ता. क. खुर्ची विकली असेल तर उत्तमच झालं. नसेल विकली, तर तिच्यावर चादर टाकून ठेवा. धूळ बसते.