धुऱ्यावरचा ब्लॉग

१० फेब्रुवारी २००८, रविवार

आजपासून ब्लॉग. निश्चय पक्का.

शाळेतून स्वेच्छानिवृत्ती घेऊन पुढच्या खोलीला 'सदाशिव रिअल इस्टेट' अशी पाटी लावली, त्याला सात महिने झाले. सौदे व्हायचे आहेत. सगळेच. मार्केट स्लो आहे. पण वर्ध्यात एकाही एजंटाचा ब्लॉग नाही, हे सायबर कॅफेवाल्या नीलेशने छातीठोक सांगितले. ब्लॉग वाचणाराही कोणी नाही, असे तो पुढे म्हणाला. तो भाग नकारात्मक वाटल्याने मी मनावर घेतला नाही.

नीलेश विचारतो, सर, लिहिणार कोनासाठी? याला टार्गेट ऑडियन्स म्हणतात म्हणे. हसू आले. आपल्याकडे शास्त्रग्रंथाच्या आरंभीच चार गोष्टी सांगाव्या लागतात: विषय, प्रयोजन, संबंध आणि अधिकारी, म्हणजे हे वाचायला लायक कोण. नववी-ब ला मी हे दरवर्षी शिकवायचो. अभ्यासक्रमात नव्हते, तरी.

विषय: सिंदी मेघेला लागून असलेले डोमाजी हिंग्यांचे दोन एकर शेत. प्रयोजन: ते विकणे. संबंध: मी. अधिकारी: उद्या ठरवतो.

सौ. अन्नपूर्णेला सगळे समजावले. ती म्हणाली, पाडव्यापर्यंत एक सौदा करून दाखवा, नाहीतर पुढची खोली मयुरीला पार्लरसाठी देते. मयुरी म्हणजे तिच्या बहिणीची मुलगी, नागपुरात कोर्स करून आलेली. मी बेधडक हो म्हटले. पाडव्याला पुष्कळ अवकाश आहे.

१२ फेब्रुवारी, दुपारी

अधिकारी ठरला. परदेशस्थ वर्धेकर! डॉलर त्यांच्याकडे, हुरहूर त्यांच्याकडे, आणि शेत पाहायला येणार नाहीत ही मोठीच सोय.

पोस्ट लिहिली. दोनदा वीज गेली, तिसऱ्यांदा राहिली. त्यात एक वाक्य विशेष साधले: "शेताच्या पूर्वेस डोमाजींचा स्वतःचा प्रशस्त धुरा, त्यावर डोमाजींचाच कडुनिंब, आणि त्याच्या सावलीतून शेतात जाणारी वाट." अमेरिकेत धुरा कळायचा नाही, म्हणून 'दोन शेतांमधला बांध' असा खुलासाही केला.

धुऱ्याच्या पलीकडचे शेत डोमाजींच्या चुलतभावाचे, नथ्थूजींचे. या धुऱ्यापायी दोघे कित्येक वर्षे एकमेकांच्या लग्नामौतीला जात नाहीत. हा तपशील अमेरिकेला अनावश्यक. गाळला.

१५ फेब्रुवारी

प्रतिक्रिया नाही. तिकडे रात्र असेल.

दरम्यान पोस्टच्या प्रिंट काढून एक सायबर कॅफेत, एक सलूनमध्ये आणि एक सिंदी मेघेच्या पानठेल्यावर चिकटवली.

१७ फेब्रुवारी, रविवार

पहिला वाचक भेटला!

सकाळी चहा घेत होतो. नथ्थूजी दारात. हातात पानठेल्यावरून फाडून आणलेली माझी पोस्ट. मी म्हटले, या, बसा. ते बसले नाहीत. कोणीतरी पेनाने गोल केलेल्या 'स्वतःचा' या शब्दावर बोट ठेवून म्हणाले, "गुरुजी, हे काऊन लिवलं? धुरा माह्या बापाचा." मी म्हटले, आपण लेखाची शैली कशी काय वाटली? तेव्हा त्यांनी माझ्या डाव्या कानशिलात लगावली. कप भिंतीवर गेला, मी टेबलाखाली.

खालूनच विचारले, संपूर्ण वाचलात का? म्हणाले, "मले वाचता येत नाई, मारता येते. पानठेल्यावाल्यानं वाचून दाखवलं."

कानात अजून मंजुळ नाद आहे. अन्नपूर्णेला वाटते मार खाल्ला. शब्दांनी माणूस पेटून उठणे आणि मार खाणे यांतला फरक बायकांना समजत नाही.

निष्कर्ष: आपला वाचक अमेरिकेत नाही. तो स्थानिक, भावनाप्रधान आणि जमिनीचा मालक आहे. अधिकारी बदलला.

२० फेब्रुवारी

मालकवर्गासाठी नवी पोस्ट. कोणाचे मन दुखवायचे नाही हे सूत्र. धुरा व कडुनिंब नथ्थूजींच्या नावे केला. प्रिंट पानठेल्यावर. आता कोणाची तक्रार राहू नये.

२१ फेब्रुवारी

डोमाजी येऊन गेले. पालथा झोपून लिहितो आहे.

बैल हाकायची तुतारी, म्हणजे काठी, घेऊन आले होते. तिच्या टोकाला खिळा असतो याचे मला केवळ पुस्तकी ज्ञान होते. "इकाले म्या देल्लं माहं वावर, अन् तुमी वाटून राह्यले त्याले?" असे विचारत त्यांनी मला ऑफिसातून न्हाणीघरापर्यंत आणि न्हाणीघरातून परत ऑफिसात हाकले. मी सांगत होतो की पोस्ट एडिट करता येते. खिळ्याला ते कळेना.

धनुर्वाताचे इंजेक्शन घेतले. तेही तिथेच.

मालकवर्ग बाद. ज्याची वस्तू त्याच्यासाठी लिहिणे ही मुळातली चूक. आता फक्त गिऱ्हाईक, आणि त्याच्याशी संपूर्ण प्रामाणिकपणा.

२ मार्च, रविवार

बसता येते.

प्रामाणिक पोस्ट लिहिली: "जमीन काळी, कसदार. शेजार तापट. वाटेबद्दल थोडा संवाद आवश्यक." नीलेश म्हणाला, सर, ब्लॉगवर आजवर जेवढे येऊन गेले तेवढे सगळे तुमीच. मी म्हटले, वाचक निवडकच असावा.

आणि काय सांगू! सलूनमध्ये दाढी करताना कापडवाले ताराचंदजी यांनी भिंतीवरची पोस्ट वाचली. दुकानातून फोन केला. प्लॉट पाडून ले-आउट टाकायचा आहे, वावर दाखवा म्हणाले. अधिकारी सापडला. व्यापारी! पुढच्या रविवारी साइट व्हिजिट. अन्नपूर्णेसमोर मयुरीचा विषय मुद्दाम काढला. ती उठून पोळ्या लाटायला गेली. हरली.

९ मार्च, रविवार. डाव्या हाताने

साइट व्हिजिट झाली.

ताराचंदजी पांढऱ्या सफारीत. डोमाजी नमस्कार करून उभे. वातावरण उत्तम. ताराचंदजींनी विचारले, आत जायला रस्ता कुठून? मी धुऱ्याकडे बोट दाखवले. ते बोट अजून सरळ होत नाही.

धुऱ्यावर नथ्थूजी कडुनिंब तोडायला कुऱ्हाड घेऊन आधीच आलेले, हे मला निंबाआड दिसले नव्हते. सुदैवाने माझ्या वाट्याला दांडा आला. डोमाजी ओरडले, "गुरुजीवर हात टाकतं बे?" माझ्याबद्दल इतका जिव्हाळा पाहून डोळे भरून आले. तेवढ्यात पुढचे ऐकू आले: "त्याले म्या मारीन, माहा एजंट हाय तो!" आणि त्यांनी धोंडा उचलून नथ्थूजींवर फेकला. नथ्थूजी वाकले. मागे ताराचंदजी उभे होते. सफारी पुढून लाल झाली.

मग नथ्थूजींनी डोमाजींच्या पोटात डोके घातले. डोमाजींनी त्यांचे तोंड धुऱ्यावर आपटले. समोरचे दोन दात मातीत गेले, आणि नथ्थूजी ते शोधताना वरून लाथा खात राहिले. इतक्यात आनंदाबाई, म्हणजे नथ्थूजींच्या मंडळी, धावत आल्या. हळदीकुंकवाला या बाई किती सौम्य वाटतात! त्यांनी डोमाजींचे केस धरले आणि ज्या निंबावरून भांडण, त्याच निंबावर त्यांचे कपाळ तीनदा ठोकले. "घ्या तुमचं झाड, भाऊजी," असे दर ठोक्याला म्हणत होत्या. नाते शेवटपर्यंत सांभाळले.

मी मध्ये पडलो. म्हणजे, सोडवायला गेलो आणि पडलो. माझ्यावरून सगळे गेले.

काळ्या मातीत रक्त लगेच जिरते, डाग दिसत नाही. जमिनीचा हा गुण पोस्टमध्ये घालायला हवा होता.

चौघे जखमी एकाच ऑटोतून दवाखान्यात. मी ड्रायव्हरशेजारी.

१६ मार्च

ते तिघे अजून दवाखान्यात. खाटा ओळीने: डोमाजी, ताराचंदजी, नथ्थूजी. मधल्याला टाके, कडेच्यांना सलाईन. पोलीस येऊन गेले. कोणीच तक्रार दिली नाही. सगळ्यांचा राग एकाच ठिकाणी साठला आहे, असे नर्स म्हणाली. कुठे, ते तिने सांगितले नाही.

मी समेटाची पोस्ट लिहून नेली. तिघेही अधिकारी एका खोलीत, उठून जाऊ शकत नाहीत, असा योग पुन्हा कधी यायचा? खड्या आवाजात वाचायला सुरुवात केली. 'धुरा' शब्द येताच डोमाजींकडून स्टीलचा तांब्या आला. नथ्थूजींकडून बेडपॅन आले, रिकामे नव्हते. ताराचंदजींनी डोक्याला लावलेली बर्फाची पिशवी दिली.

बाहेर पडताना मागून डोमाजींचा आवाज: "लागला का रे त्याले?" आणि नथ्थूजी बिनदातांचे म्हणाले, "लागला, दादा."

दादा! कित्येक वर्षांनी भाऊ भावाशी बोलला. पोस्टचा परिणाम. आता सौदा आठवड्याभरात. पाडवा अजून दूर आहे.

२२ मार्च, धुळवड

सकाळी ऑफिसची पाटी जागेवर नाही. चौकातल्या होळीच्या राखेत 'रिअल' एवढा तुकडा सापडला. 'इस्टेट' पूर्ण जळाली.

दहाला डोमाजी आणि नथ्थूजी आले. एकमेकांच्या खांद्यावर हात, दोघांच्या डोक्याला पट्ट्या. मी सत्काराच्या तयारीत उभा राहिलो. डोमाजी म्हणाले, "गुरुजी, तुमच्यापायी आमी भाऊ एक झालो, चाला." एकाने हात धरले, एकाने पाय. नाल्यापर्यंत असे नेले की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लोक उभे होते. तिथे मला तीनदा बुडवले. दर वेळी वर काढून विचारत, "धुरा कोनाचा?" मी पहिल्यांदा म्हटले डोमाजींचा. बुडवले. मग म्हटले नथ्थूजींचा. बुडवले. तिसऱ्यांदा बोलताच आले नाही, तेव्हा दोघे खूश झाले. "आता कसं बरोबर बोलले!"

एक बरगडी दुखते आहे. पण लोकसंपर्क जबरदस्त वाढला.

३० मार्च, रविवार

बातमी नीलेशकडून कळली. अख्ख्या गावाला आधीच माहीत होती.

रजिस्ट्री झाली. डोमाजींचे शेत, नथ्थूजींचेही शेत, मधला धुरा निंबासकट, सगळे एकदम ताराचंदजींना. दवाखान्यातच ठरले. धुराच विकला, तेव्हा तो कोणाचा हा प्रश्न उरला नाही. तांब्या लागल्यानंतर अर्ध्या तासात भाव पक्का झाला म्हणतात.

म्हणजे सौदा झाला! पाडव्याच्या आत! माझ्याच ब्लॉगमुळे! लंगडत ताराचंदजींच्या दुकानात गेलो आणि या व्यवहारातले माझे योगदान नम्रपणे सांगू लागलो. ते म्हणाले, "गुरुजी, आप बीच में से हटे, तब जाके सौदा हुआ." मी म्हटले, हटणे हीसुद्धा एक सेवा आहे. त्यावर त्यांनी कापड मोजायची लोखंडी पट्टी उचलली. पहिला फटका पाठीवर, दुसरा हातावर, तिसऱ्याला मी रस्त्यावर होतो. दुकानातल्या बायका ब्लाउजपीस सोडून दाराशी आल्या.

परदेशस्थ नाहीत. मालक नाहीत. व्यापारी नाहीत. आता निवृत्त शिक्षक? त्यांचे हात फार चालत नाहीत.

घरी अन्नपूर्णेला सौदा झाल्याचे सांगितले. तिने पाठीला हळद लावली आणि विचारले, कागदावर तुमचे नाव कुठे आहे? मी विषय बदलला. तिने बदलू दिला नाही.

६ एप्रिल, रविवार, गुढीपाडवा

माझे टेबल मागच्या अंगणात आहे. कडेला तुळस, वर पापड वाळताहेत.

पुढच्या खोलीत आरसा आला, फिरती खुर्ची आली. नऊ वाजले नाहीत तोच गिऱ्हाईक. आतून किंकाळी ऐकली आणि मी काठी घेऊन धावलो. अन्नपूर्णेने दारातच अडवले. म्हणाली, ओरडू द्या, व्हॅक्सिंग चाललेय. पाठोपाठ दुसरी किंकाळी, मग हसणे, मग सुट्या पैशांचा आवाज. बाई डोळे पुसत बाहेर आली आणि सांगून गेली की पुढच्या महिन्यात बहिणीलाही आणते. नऊ महिन्यांत या खोलीत मी सोडून कोणाला लागले नव्हते. आता रांग आहे.

दुपारी मयुरी पाटी घेऊन आली. काका, तुमचं अक्षर चांगलं आहे, लिहून द्या. मी म्हटले, आधी ही कोणासाठी ते ठरवावे लागेल. घाईचे काम नाही. दोन-तीन दिवस दे, मी विचार करतो.

ती म्हणाली, "त्यात काय ठरवायचं काका? लिहा, फक्त महिलांसाठी."

लिहिले. ठळक, वळणदार. दाराला ठोकले. आतून कसे दिसते ते पाहायला उंबरठा ओलांडला तर मयुरी कात्री हातात घेऊनच म्हणाली, काका, बाहेर.

दार लागले. पाटी वाचणारा पहिला माणूस मीच. मजकूर एका वाचनात कळला. बाहेर उभा आहे.