भीमाकाठचा दगडी दात

शिरूर,
८ नोव्हेंबर १९५७

प्रिय सत्यवान,

गेल्या पत्रातली एक ओळ आधी खोडा. वडगाव रासाईला पोपटरावांच्या मळ्यात, पाण्याच्या इंजिनासाठी खड्डा खणताना जो दगडी दात निघाला, तो बायबलातल्या जलप्रलयात बुडालेल्या हत्तीचा, असं मी बेधडक लिहिलं होतं. ते चूक आहे.

पुण्याचे एक प्राध्यापक येऊन पाहून गेले. म्हणाले, असला हत्ती आता पृथ्वीवर कुठंच उरलेला नाही. दात हजारो वर्षांपूर्वीचा, आणि त्याखालचा काळा पाषाण तर कोट्यवधी वर्षांचा. पोपटराव हसले, "म्हंजी आमची पाटीलकी कालपरवाचीच व्हय!" सोजरामावशींनी दाताला लावायला आणलेला शेंदूर हळूच पदराआड केला.

एवढा काळ ऐकून मी भ्यायला हवं होतं. तुम्हाला माझा स्वभाव ठाऊक आहे. पण भ्याले नाही. तो हत्ती भीमेचं पाणी पिऊन निघून गेला. ही नदी कधीपासून वाहते, असं त्याला काही वाटलं नसेल. आपण फार उशिरा आलो, इवलेसे आलो, पण विचारतो. देवाला घाई नव्हती, एवढंच मला नव्यानं कळलं. माझा विश्वास त्यानं कमी झाला नाही, ऐसपैस झाला.

अडचण माझ्या वडिलांची, आप्पांची. शाळेआधी त्यांनीच मला घरी, शब्दांवर बोट ठेवून, निर्मितीचा पाठ शिकवला. जगाचं वय सहा हजार वर्षं, हेही. आता पिकाच्या सणाला देवळात बाजरीच्या पेंढ्यांशेजारी तो दात मांडणार आहेत, प्रलयाचा पुरावा म्हणून. साक्ष मी द्यायची, कारण गावभर सांगत मीच सुटले होते. आप्पांना खरं सांगितलं. म्हणाले, "पोरी, खोटं बोल म्हणणार न्हाई मी. पर त्या दिवशी तुझ्या सासरची, दौंडाची माणसं येणार हायती." तुमच्या आई माझ्या आत्याला म्हणाल्याच आहेत, "माकडाला आजा म्हणणारी सून मला नको."

त्याच उपासनेत आपल्या लग्नाची सूचना तिसऱ्यांदा वाचतील आणि कुणाची हरकत आहे का, विचारतील. माझी साक्ष त्याच्या आधी आहे. बाकावर बसून तुम्हाला हे अवचित ऐकावं लागू नये, म्हणून हे पत्र. मग उठून हरकत घेतलीत, तरी मी तुम्हाला दोष देणार नाही. पण लपवून तुमच्या घरात येणार नाही. मी बोलणार आहे, रविवारी, सतरा नोव्हेंबरला.

अजून तरी तुमचीच,
ग्लॅडिस